घागरीवरचं नाव

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या अस्थी घेऊन मी नाशिकला गोदावरीच्या रामकुंडावर गेलो होतो. गुरुजींनी वडिलांचं, आजोबांचं, पणजोबांचं नाव विचारलं, मी सांगितलं. मग आईचं, आजीचं. तेही सांगितलं. “पणजीचं?” मी भावाकडे पाहिलं, भावानं माझ्याकडे. आयुष्यभर गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठी राहिलेली माणसं आम्ही, आणि आमच्या रक्तातल्या एका बाईचं नाव आम्हांला ठाऊक नव्हतं.

गुरुजी शांतपणे म्हणाले, “गाव कोणतं तुमचं?” गाव निफाडकडचं. त्यांनी आमच्या तीर्थोपाध्यांच्या घरी पाठवलं. नाशिकची ही नामावळ तुम्हांपैकी अनेकांनी पाहिली असेल. यात्रेकरू आला, कशासाठी आला, सोबत कोण, घरात कोण कोण, हे पिढ्यान् पिढ्या लिहून ठेवलेलं. खाली आलेल्याची सही. आडनाव आणि गाव सांगितलं की पान सापडतं. आमचं पान सापडलं कार्तिक शके 1840 चं, म्हणजे 1918 चा नोव्हेंबर. पणजोबा बायकोच्या अस्थी घेऊन आले होते. तिचं सासरचं नाव तिथे होतं, आणि खाली पणजोबांची मोडी सही. त्या सहीवर बोट ठेवून मी किती वेळ बसलो, मला आठवत नाही.

घरात एवढंच सांगत असत की ती ‘मानमोडीत गेली’. मानमोडी म्हणजे 1918 च्या इन्फ्लुएन्झाची साथ. आजोबा तेव्हा सहा वर्षांचे. वर्षभरात घरात दुसरी आई आली, आणि पहिलीचं नाव घेणं आपोआप थांबलं. यात कुणाचा दोष नाही. आजोबांना तिचा चेहराही नीट आठवत नसे.

मग मी कागदांच्या मागे लागलो. गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, म्हणजे गाव नमुना 14, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळाल्या. तिथे तिची नोंद होती: पणजोबांचं नाव आणि पुढे ‘बायको’. बस. सातबारा, फेरफार, हक्कनोंदी सगळे पाहिले. जमीन कुणाकडून कुणाकडे गेली हे पै-पैशासकट कळतं. घरात कोण राबलं ते कळत नाही. सरकारी कागद शेतसारा आणि वारसा यांच्यासाठी लिहिला गेला. त्यात बाई आली तर बहुधा विधवा म्हणून, किंवा अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, मुलाची पालनकर्ती म्हणून. हे मला फार लागलं, अजून लागतं.

आणि ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती, त्यांचं काय? 2 मार्च 1930 ला दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा आपले आजोबा-पणजोबा तिथे उभे होते असं सांगणारी घरं या जिल्ह्यात आजही आहेत. त्यांची वंशावळ सातबाऱ्यात शोधू नका. ती सांगणाऱ्यांच्या तोंडी आहे, आणि सांगणारे आता थकले आहेत. तिथे आधी जा.

मोडीबद्दल थोडं सांगतो, कारण तरुण मंडळी तिथेच हात टेकतात. आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत हात न उचलता जायचं, अशी ही लिपी. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, त्यामुळे नाव वाचताना घाई केली की माणूस बदलतो. तीन-चार महिने रोज तासभर बसलात तर आपल्या घरचा कागद आपल्याला वाचता येईल. सनांचं मात्र सांभाळा. शकात 78 मिळवायचे, पौष-माघाकडे 79. फसली सनात, म्हणजे जुन्या महसुली कागदांतल्या वर्षात, 590 किंवा 591. माझ्या एका नातेवाइकानं फसलीला शक समजून आपल्या पूर्वजाला पाचशे वर्षं मागे नेलं होतं.

तर सासरचं नाव मिळालं, माहेरचं नाही. लग्नात नाव बदललेलं, त्यामुळे माहेरी तिला काय म्हणत हे कुठल्याच कागदात नव्हतं. ते सापडलं माळ्यावर. गावचं घर उतरवायला काढलं तेव्हा एक तांब्याची घागर खाली आली, काळी ठिक्कर पडलेली, मोडीत द्यायच्या ढिगात. पुतणीनं चिंच लावून घासली आणि गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं उजळली: ‘चि. सौ. कां.’, पुढे एक लहानसं, हाक मारायचं नाव, मग ‘हिस मामाकडून, वैशाख शके 1831’. म्हणजे 1909 चा उन्हाळा. लग्नात मामानं भाचीला घागर दिली आणि तिचं माहेरचं नाव घालून दिली. शंभराहून अधिक वर्षं त्या नावावर राख आणि धूर बसत होता.

म्हणून हात जोडून सांगतो, भांडी मोडीत घालण्याआधी घासून बघा. भांडी बाजारात रोज किती नावं वितळायला जात असतील! आणि वडीलधाऱ्यांना ‘आपला इतिहास सांगा’ असं विचारू नका, ते गांगरतात. ‘1969 च्या महापुरात तुम्ही कुठे होतात?’ असं विचारा. ‘तुमच्या आईला माहेरी काय म्हणत?’ हे विचारा. फोनचं रेकॉर्डिंग त्यांना सांगून चालू करा, आणि मध्ये बोलू नका.

तुम्ही विचाराल, काय नाव होतं? ते मी आज सांगणार नाही. माझी मोठी आत्या शहाऐंशी वर्षांची आहे, मखमलाबादला असते. तिच्या सख्ख्या आजीचं नाव तिनं कधी ऐकलेलं नाही. येत्या रविवारी घागर घेऊन तिच्याकडे चाललोय. अक्षरं तिला दिसणार नाहीत, पण बोटांना लागतील.