रूस स्ट्रीटवरच्या घराचा सात-बारा

नमस्कार श्रोतेहो.

सिडनीत राहणाऱ्या, किंवा इथं लेकी-सुनांकडे सहा महिने राहून गेलेल्या मंडळींना हॅरिस पार्क सांगायला नको. स्टेशनातून बाहेर पडलं की विग्रॅम स्ट्रीट. जुन्या बैठ्या घरांच्या अंगणात मांडलेली टेबलं, डोशाचा वास, मिठाईची दुकानं, साड्या. २०२३ च्या मे महिन्यात आपले पंतप्रधान सिडनीला आले, तेव्हा 'लिटिल इंडिया' हे या भागाचं नाव जाहीर सभेत उच्चारलं गेलं आणि टाळ्या पडल्या. पण हा हॅरिस कोण, हे तिथं जिलबी खाणाऱ्यांपैकी फारसं कुणी विचारत नाही. मीही कित्येक वर्षं विचारलं नव्हतं.

त्याचं घर तिथून चालत जाण्यासारखं आहे. रूस स्ट्रीटवर. नाव 'एक्स्पेरिमेंट फार्म कॉटेज', म्हणजे प्रयोगशेतावरचं घर. बैठं, विटांचं, पुढे रुंद व्हरांडा, मधोमध दार आणि दारावर अर्धगोल काचेची झडप. आत इथल्या सीडार लाकडाचं काम आहे, तांबूस, अजून तुकतुकीत. पहिल्यांदा गेले तेव्हा व्हरांड्यात उभी राहून मी मनात म्हटलं, ही तर आपली ओसरी! तर तसं म्हणणं अगदीच भाबडं नव्हतं. हे घर 'हिंदुस्थानी बंगल्याच्या' धर्तीचं आहे, असं इथले जाणकारच सांगतात, आणि ज्यानं ते बांधून घेतलं त्या डॉक्टर जॉन हॅरिसनं आरमारात सर्जन असताना हिंदुस्थानात नोकरी केली होती.

आता गंमत बघा. गल्ली रूसची, उपनगर हॅरिसचं, आणि घराच्या नावातला प्रयोग हॅरिसनं केलेलाच नाही. जमिनीचा असा घोळ असला की आपल्याकडे तलाठ्याकडे जाऊन सात-बारा काढतात. आज आपण या घराचा सात-बारा काढू.

पहिली नोंद जेम्स रूसची. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातला शेतकरी. १७८२ साली घरफोडीच्या गुन्ह्यात सात वर्षांची हद्दपारीची शिक्षा झाली. काही वर्षं बंदरात नांगरलेल्या तुरुंग-जहाजात काढली, आणि १७८८ च्या जानेवारीत कैद्यांच्या पहिल्या ताफ्यातून तो इथं येऊन पोचला. वसाहतीची तेव्हा अन्नावाचून दशा होती. सरकारी शेतात पेरलेलं नीट उगवत नव्हतं. कैद्यांत शेतकरी थोडे, शहरातले भुरटे चोर जास्त. सगळ्यांचे डोळे समुद्राकडे, पिठाचं जहाज कधी येतं म्हणून.

अशात रूस गव्हर्नर फिलिपकडे गेला. माझी शिक्षा संपली, मला जमीन द्या, मी शेती करतो. त्याची मुदत भरल्याचे कागद वसाहतीत कुणाकडेच नव्हते. (सरकारी कागद वेळेवर सापडत नाहीत, हे काही आपल्याकडचंच वैशिष्ट्य नव्हे.) तरी १७८९ च्या नोव्हेंबरात फिलिपनं त्याला पॅरामॅटाजवळ साफ केलेली दीड एकर जागा, झोपडी, बियाणं, अवजारं दिली. दीड एकर म्हणजे आपले साठ गुंठे. साठ गुंठ्यांवर एक माणूस स्वतःचं पोट भरू शकतो का, हा तो प्रयोग.

तो कसा केला, हे रूसच्याच तोंडून आपल्यापर्यंत आलंय. वॉटकिन टेंच नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं १७९० मध्ये शेतावर जाऊन त्याला विचारलं आणि उत्तर लिहून ठेवलं. ते वाचताना मला आमच्या कोकणातल्या आजोबांची आठवण झाली. पाडलेली झाडं जागेवरच जाळायची, ती राख मातीत खणून घालायची. ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडे राब भाजतात, त्याचाच हा चुलतभाऊ. मग कुदळीनं उकरायचं, पण एका दिवसात आठ-नऊ रॉडपेक्षा जास्त नाही. मी हिशेब केला. आठ रॉड म्हणजे बरोबर दोन गुंठे. नांगर नाही, बैल नाही, हातातली कुदळ आणि रोजचे दोन गुंठे. मग ढेकळं फोडायची, गवत-तण गाडायचं. काड खड्ड्यात पुरून त्यात कुजेल ते सगळं टाकून खत करायचा त्याचा बेत होता. सरकारी शेतासारखं वरवर खरवडलेलं नाही, नीट केलंय, असं तो टेंचला सांगतो. कुठल्याही गावात बांधावर उभा राहून शेजारच्या रानाकडे हात करून शेतकरी असंच बोलतो.

मदतीला कोण, तर बायको. एलिझाबेथ पेरी, तीही कैदी, 'लेडी ज्युलियाना' जहाजातून १७९० साली आलेली. त्याच वर्षी दोघांचं लग्न झालं. बायको कष्टाळू आहे, हे रूसनं टेंचला आवर्जून सांगितलं. सात-बारावर मात्र तिचं नाव नाही.

१७९१ च्या फेब्रुवारीत रूसनं सरकारी कोठारातलं रेशन बंद करून घेतलं. आता मला गरज नाही, म्हणाला. प्रयोग जमला. त्याला तीस एकर कायमची मिळाली आणि वसाहतीत हक्कानं जमीन मिळवणारा पहिला कैदी म्हणून त्याची नोंद झाली.

आणि दोनच वर्षांत फेरफार! १७९३ साली रूसनं ते तीस एकर विकले. चाळीस पौंडांना. घेणारा डॉक्टर जॉन हॅरिस.

हॅरिस मूळचा आयर्लंडचा, न्यू साउथ वेल्स कोअर या पलटणीचा सर्जन. १७९० मध्ये आला. जमिनी घेण्याचा नाद म्हणा, हातोटी म्हणा, जबरदस्त. त्याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. १८०३ च्या सुमारास त्याच्यावर लष्करी खटला भरला गेला. आरोपपत्रात तारखेपुढे 'या महिन्याची' लिहायचं ते 'गेल्या महिन्याची', म्हणजे लॅटिनमध्ये 'अल्टिमो', असं लिहिलं गेलं. एवढ्या चुकीवर गडी सुटला. पठ्ठ्यानं सिडनीतल्या आपल्या नव्या इस्टेटीचं नावच 'अल्टिमो' ठेवलं. आज तिथं त्याच नावाचं उपनगर आहे, आणि आपली निम्मी मुलं तिथल्या विद्यापीठात शिकतात.

त्यानं आणखी एक हौस केली. हिंदुस्थानातून चितळ आणवले. हो, आपल्या ताडोबात दिसतात ते. ऑस्ट्रेलियात पाऊल ठेवलेली ही पहिली हरणं. १८१३ पर्यंत त्याच्याकडे चारशेच्या आसपास चितळ होते म्हणतात. विग्रॅम स्ट्रीटवरच्या समोशाच्या दोनशे वर्षं आधी.

आज आपण बघतो ते घर त्यानं बांधून घेतलं १८३५ च्या सुमारास, म्हणजे जमीन घेतल्यावर चाळीसेक वर्षांनी. पूर्वी ते बरंच जुनं समजलं जायचं. पुढच्या अभ्यासात वय कमी झालं. रूसची झोपडी तर केव्हाच मातीला मिळालेली. हॅरिस १८३८ मध्ये वारला. मूलबाळ नव्हतं, मालमत्ता भावांच्या कुटुंबांकडे गेली. पुढे इस्टेटीचे तुकडे पडले, प्लॉट पडले, रेल्वे आली, गल्ल्या झाल्या. १९६१ साली न्यू साउथ वेल्सच्या नॅशनल ट्रस्टनं हे घर विकत घेतलं. ट्रस्टनं पैसे मोजून घेतलेली ही पहिली वास्तू.

आपल्या सात-बाराला दोन नमुने असतात. सातात कब्जेदार, बारात पिकं. इथं सातावर हॅरिस दिसतो, बारावर रूस. आणि सातावरच 'इतर हक्क' असा एक रकाना असतो, तो इथं कोराच राहिला. ही जमीन बुर्रामट्टागल लोकांची, दारुग समाजातलं हे कुळ. पॅरामॅटा हे नाव त्यांचंच. त्याचा संबंध नदीतल्या वाम माशांशी सांगतात. फिलिपनं दीड एकर 'दिली' असं मी मघाशी सहज म्हणून गेले. कुणाची दिली, हे त्या कागदावर लिहिलेलं नाही.

रूस १७९४ मध्ये हॉक्सबरी नदीकाठी गेला, पहिल्या बिऱ्हाडांपैकी एक. तिथली गाळाची माती सोन्यासारखी, म्हणून तिथं दारुग बायका पिढ्यान्‌पिढ्या रानकंद खणत आल्या होत्या. त्याच जागी मका आला आणि भांडणं पेटली. वर नदीचे पूर. रूसचं बस्तान काही नीट बसलं नाही. १८२८ च्या जनगणनेत तो मिंटोला दुसऱ्याच्या शेतावर मुकादम म्हणून नोंदलेला आहे. साठी उलटलेला माणूस.

१८३७ मध्ये तो गेला, हॅरिसच्या एक वर्ष आधी. कॅम्पबेलटाउनला पुरलं. थडग्यावरचा मजकूर त्यानं स्वतःच कोरायला घेतला होता असं सांगतात. आईनं मला मायेनं वाढवलं, असं त्यात आहे. या वसाहतीत येऊन पहिलं धान्य मी पेरलं, असंही आहे. दावा तसा वादाचा, सरकारी शेतांत त्याच्या आधी पेरणी झाली होती. पण हातभर दगडावर एवढं कोरायला घेणाऱ्या म्हाताऱ्याशी वाद कोण घालणार? अक्षरं ओबडधोबड, स्पेलिंगची तर दैना. 'फर्स्ट' लिहायला गेला, 'फोर्स्ट' झालंय.

पुढच्या वेळी हॅरिस पार्कला जेवायला गेलात तर घर त्या दिवशी उघडं आहे का, ते आधी बघून घ्या. नमस्कार.