तेलकट मातीला कोंबडखत

नमस्कार श्रोतेहो. पिकाला खत घालतात हे तुम्हाला मी सांगायला नको. आज बोलायचं आहे ते खनिज तेल सांडून नासलेल्या जमिनीला खत घालण्याबद्दल.

नायजेरियात, नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात, १९५६ साली ओलोइबिरी इथे तेल लागलं. मग वाहिन्यांचं जाळं आलं आणि पाठोपाठ गळती. काही वाहिन्या गंजून फुटल्या, काही तेलचोरांनी फोडल्या. तेल मुरलेल्या मातीत हवा खेळत नाही, पाणी जिरत नाही. मग कसाव्यासारखं कंदपीक कुठलं तरारून यायला?

गंमत अशी, की तेल खाणारे जिवाणू त्या मातीत मुळातच असतात. स्यूडोमोनास, बॅसिलस ही त्यांतली नावं. तेलातून त्यांना कर्ब हवा तेवढा मिळतो, पण वाढीला लागणारं नत्र आणि स्फुरद तेलात जवळजवळ नसतं. ताट भरलेलं, पण नुसत्या भाताचं! ती उणीव खत भरून काढतं. नायजेरियातल्या संशोधकांनी शेण, शेळीच्या लेंड्या, डुकरांचं खत, कोंबडखत असं सगळं वापरून पाहिलंय. कोंबडखतात नत्र शेणखताच्या कितीतरी पट, म्हणून माझा कौल त्याला. खत मातीत कालवायचं, ओल राखायची आणि माती वरचेवर खालीवर करायची, कारण या जिवाणूंना प्राणवायू लागतो. पाणी तुंबलं की काम मंदावतं. आणि खताचा मारा केला तर? जिवाणू तेल सोडून खतातलाच सोपा घास खात बसतात.

पण खताकडून भलती अपेक्षा नको. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०११ साली त्याच त्रिभुज प्रदेशातल्या ओगोनीलँड या भागाचा अहवाल दिला. साफसफाई म्हणून तिथे जागेवरच वरची माती नांगरून खत टाकत, आणि तेल तर कित्येक ठिकाणी पाच मीटर किंवा त्याहून खोल उतरलेलं! एका वस्तीत विहिरींच्या पाण्यात बेंझीन, म्हणजे तेलातलं कर्करोगाला कारण होणारं रसायन, जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून जास्त निघालं. नांगराचा फाळ पाच मीटर जातो का हो?

अशा जागी माती उपसून वर काढावी लागते. ती पसरली की मग कोंबडखताची पाळी. फुटकी वाहिनी मात्र त्याआधी बंद झालेली हवी.