मोजून दोनच

मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य, आणि फराळाच्या रांगेतून उठवून इथे आणून बसवलेल्या सर्व मंडळींना नमस्कार.

मला 'स्वयंसेवेचे महत्त्व' या विषयावर दहा मिनिटे बोलायला सांगितले आहे. मी होकार दिला तेव्हा माझ्यापाशी बोलण्यासारखे पुष्कळ होते, कारण मुलांच्या सॉकर संघाची प्रशिक्षक म्हणून हा माझा तिसरा हंगाम आहे आणि त्याचा मला थोडा, खरे सांगायचे तर बराच, अभिमान होता. मग गेल्या शनिवारी सामना आटोपून गाडीत बसता बसता आमचे नऊ वर्षांचे चिरंजीव म्हणाले, "आई, तू त्याला मोजून दोनच देतेस." तिथे माझ्या तयार भाषणाची हवा गेली.

'मोजून' हा शब्द त्याला मी शिकवलेला नाही, तो सासूबाईंचा आहे. उन्हाळ्यात त्या आमच्याकडे होत्या, तेव्हा मी मुलांना बेसनाचे लाडू देताना "दोनच हं" म्हणाले की त्या मला बाजूला घेऊन हळूच सांगत, "अगं, लेकरांच्या ताटात मोजून वाढू नये." आपल्या सगळ्यांच्या आज्यांनी हे सांगितलेले आहे, आणि चिरंजीवांनी त्यातून एवढेच घेतले, की मोजून देणे ही आजीला न आवडणारी गोष्ट आहे. ती त्यांनी नेमकी जपून ठेवली आणि माझ्यासाठी बाहेर काढली.

ज्यांची मुले खेळत नाहीत त्यांच्यासाठी 'दोन' म्हणजे काय ते सांगते. आपली बहुतेक मुले ज्या लीगमध्ये खेळतात ती एवायएसओ, म्हणजे अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशन, १९६४ साली इथेच कॅलिफोर्नियात, टॉरन्स गावी सुरू झाली. तिचे पहिलेच तत्त्व 'एव्हरीवन प्लेज' असे आहे. मूल कसेही खेळत असो, प्रत्येक सामन्यात निदान निम्मा वेळ ते मैदानावर असलेच पाहिजे. दहा वर्षांखालील गटात पंचवीस पंचवीस मिनिटांचे दोन भाग असतात, प्रत्येक भागाच्या मध्यावर बदली होते, म्हणजे एकूण चार क्वार्टर झाले. सात मुले मैदानावर आणि माझ्या संघात मुले दहा. चार गुणिले सात अठ्ठावीस, भागिले दहा. प्रत्येकाला समान वाटा येत नाही, त्यामुळे दर सामन्यात आठ जणांना तीन क्वार्टर मिळतात आणि दोघांना दोन. न्यायाने पाहिले तर ती दोनची पाळी सगळ्यांत फिरली पाहिजे.

मी ती फिरवली. दोनपैकी एक जागा मी दर शनिवारी अगदी काटेकोरपणे फिरवली. दुसरी मात्र प्रत्येक सामन्यात एकाच मुलाला दिली.

त्या मुलाचे नाव मी इथे घेणार नाही. तो आपल्या मंडळातला नाही. त्याची आई दर शनिवारी सगळ्या संघासाठी संत्री कापून आणते आणि मध्यंतरात डबा घेऊन प्रत्येक मुलापाशी जाते. मुलगा शांत आहे. मैदानावर कॅनडा गीज या रानहंसांचे थवे उतरतात आणि मागे काय ठेवून जातात ते आपण सगळे जाणता. आमची बाकीची मुले त्यावरून नाक मुरडत पळतात, आणि हा मात्र खेळ चालू असताना वाकून एखादे पीस उचलतो आणि मोज्यात खोचतो. मी त्याला नेहमी दुसऱ्या आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये उतरवत असे. सुरुवात दणक्यात व्हावी, शेवट पक्का व्हावा आणि कच्चा दुवा मधे झाकला जावा, ही यामागची युक्ती. ती मी कुणाकडून शिकले नाही. आपल्याला असल्या गोष्टी उपजतच येतात.

शनिवारी तिसऱ्या क्वार्टरमध्ये चेंडू थेट त्याच्या पायाशी आला, त्याने तो तळव्याने व्यवस्थित थांबवला. आठ सामन्यांत त्याने केलेली ही बहुधा सर्वांत सुंदर गोष्ट होती. त्यानंतर त्याने गोलकडे पाहिले नाही की सोबत्यांकडे पाहिले नाही, मान वळवून माझ्याकडे पाहिले. मी कडेला उभी राहून "क्लिअर! क्लिअर!", म्हणजे चेंडू लांब मार, असे ओरडत होते. पुढे काय करायचे ते मी सांगेन अशा भावाने तो माझ्याकडे पाहत राहिला, आणि तेवढ्यात समोरच्या मुलीने चेंडू काढून नेला आणि गोल केला. चौथ्या क्वार्टरला मी त्याला बाहेर घेतले, आम्ही दोन गोल केले आणि सामना जिंकलो. गाडीकडे जाताना मी शीळ घालत होते.

संध्याकाळी घरी वाद झाला. आमचे हे ठाण्याचे, क्रिकेटवाले. ते म्हणाले, "नियम निम्मा सामना म्हणतो, तू निम्मा दिलास, विषय संपला." चिरंजीव म्हणाले, "बाकीच्यांना बदलून बदलून दोन मिळतात. त्यालाच दर वेळी." मग दोघांना गप्प करावे म्हणून मी लॅपटॉप उघडला, कारण मी अभियंता आहे आणि माझ्या संघाची स्प्रेडशीट आमच्या गृहकर्जाच्या स्प्रेडशीटपेक्षा नीटनेटकी आहे. यंदा सुदैवाने कुणी एकही सामना चुकवला नव्हता. आठ सामन्यांत त्या मुलाला १६ क्वार्टर मिळाले होते, बाकी आठ मुलांना प्रत्येकी २३, आणि एका मुलाला २४. तो चोविसाचा धनी कोण, हे आपण ओळखले असेल. नवव्या सामन्यात त्याची दोनची पाळी लावायची माझ्या मनात होती, हे मी शपथेवर सांगते. घरात या शपथेवर कुणाचाही विश्वास बसलेला नाही.

आपल्यापैकी काहींना ठाऊक आहे की मी कोल्हापूरची, मंगळवार पेठेतली. आमच्याकडे फुटबॉल हा खेळ नव्हता, ती पेठेची अब्रू होती. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचा, म्हणजे पेठांच्या फुटबॉल संघांचा, सामना असला की घरातले पुरुष जेवण अर्धे टाकून जात आणि आम्ही मुली गच्चीवरून नुसत्या आवाजावरून गोल मोजत असू. २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात आपला अनिकेत जाधव भारताकडून उतरला, तेव्हा मी इथे कार्यालयात बसून रडले होते. माझे मैदानावरचे स्वतःचे कर्तृत्व म्हणाल, तर गेल्या वर्षी हंगामाच्या शेवटी झालेला मुले विरुद्ध आया हा सामना. त्यात मी पहिल्या मिनिटाला चेंडूऐवजी गवत मारले, पडले, आणि उरलेला सामना गुडघ्यावर बर्फ धरून पाहिला.

माझा थोरला भाऊ मात्र एका तालमीकडून खेळायचा, असे आम्ही लहानपणी सर्वांना सांगायचो. प्रत्यक्षात त्याने तीन हंगाम चेंडूंची जाळी खांद्यावरून वाहिली, पाण्याच्या बाटल्या भरल्या, जर्सी धुतल्या, आणि तो एकही मिनिट मैदानात उतरला नाही. ही गोष्ट तो स्वतःच फार रंगवून सांगतो आणि आम्ही सगळे हसतो. रविवारी मी त्याला फोन केला. इथे २०१६ पासून दहा वर्षांखालच्या मुलांना हेडर, म्हणजे डोक्याने चेंडू, मारायला मनाई आहे, हे ऐकून तो पूर्वी एकदा पाच मिनिटे हसला होता, म्हणून हेही हसण्यावारी नेईल अशी माझी अपेक्षा होती. सगळे ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "मला तर दोनबी मिळाली न्हाईत गं." आणि त्याने विषय बदलून आईच्या गोळ्यांचे काढले. इतक्या वर्षांत मी त्याला एकदाही विचारले नव्हते, की दादा, तुला उतरावेसे वाटायचे का?

आता थोडे आपल्याविषयी बोलते, आणि रागावू नका, कारण यात पहिला नंबर माझा आहे.

आमच्या विभागात नोंदणीच्या वेळी प्रत्येक घराकडून अनामत रकमेचा चेक घेतात. हंगामात ठरलेले तास काम केले तर चेक परत मिळतो, नाही केले तर तो वटवतात. पहिल्या वर्षी मी तो वटू दिला. आपल्यातील पुष्कळ घरे आजही तो वटू देतात आणि वर म्हणतात, शनिवारची सकाळ त्याहून महाग आहे. दुसरा प्रकार तास भरणाऱ्यांचा. सहा तास झाले की सातव्या तासाला माणूस दिसत नाही, मग जाळ्या कुणी का उतरवेनात. मोठ्या मुलांचे तर विचारूच नका. महाविद्यालयाच्या अर्जावर सेवेचे तास लिहायचे असतात, म्हणून लहान मुलांना शिकवायला आलेला सोळा वर्षांचा मुलगा मला प्रथम विचारतो, "मावशी, यायचा-जायचा वेळ धरायचा का?" मी त्याला काय म्हणून बोलणार? त्याला ही वही आपणच घालून दिली आहे. आणि मंडळात तरी काय वेगळे आहे? गणपतीच्या आरतीला सभागृह अपुरे पडते, आणि रात्री पातेली घासायला तीच पाच माणसे उरतात, त्यातली दोन सत्तरीच्या पुढची. २०२६ च्या उन्हाळ्यातले विश्वचषकाचे सामने सांता क्लाराच्या लेव्हाइज स्टेडियमवर ठरलेले, आणि त्यांच्या तिकिटांची चर्चा मी आज फराळाच्या टेबलावर तीनदा ऐकली. त्याच टेबलावर मी रेफरीच्या मदतीला रेषेवर झेंडा धरून तासभर उभे राहायला कुणी आहे का असे विचारले, तर सर्वांना एकदम चकलीची कृती आठवली.

रेफरीवरून आठवले. आमच्या सामन्यांना बहुतेक वेळा रेफरी म्हणून तेरा-चौदा वर्षांची मुलेच असतात, कारण मोठी माणसे येत नाहीत. आणि जी येत नाहीत तीच कडेला उभी राहून त्या पोरांवर ओरडतात. सप्टेंबरात एकदा समोरच्या संघाचा ऑफसाइड दिला गेला नाही असे मला वाटले, आणि इथे मराठी कुणाला कळते अशा समजुतीने मी जरा मोठ्यानेच म्हणाले, "डोळे घरी ठेवून आलीय की काय ही?" ती मुलगी धावता धावता माझ्यापाशी आली आणि अदबीने म्हणाली, "काकू, मला दिसतंय." आपल्या मराठी शाळेच्या शिक्षिका इथे बसल्या आहेत, त्यांचे मी जाहीर अभिनंदन करते. उच्चार निर्दोष होता, निर्णयही बरोबर होता.

स्वयंसेवक होण्यासाठी मी जे काही केले ते सगळे माझ्याकडे कागदावर आहे. मुलांच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम झाला, डोक्याला मार लागल्यास काय करावे याचा झाला, आणि पार्श्वभूमीची तपासणीही झाली. आपण गुन्हेगार नसल्याची आमच्या घरात फक्त माझ्याच नावावर खात्रीलायक नोंद आहे. यातल्या कुठल्याही अभ्यासक्रमात मी एकही प्रश्न चुकले नाही. नियमाचा एक शब्द मोडला नाही. निम्मा म्हणजे निम्मा, कमी नाही आणि जास्तही नाही. नियमाने मला सांगितले होते की इतक्याखाली जाऊ नकोस, आणि मी ते वाचले ते असे की इतके दिले की पुरे.

तरीही मला सगळे उत्तर सापडले आहे असे समजू नका. जिंकल्यावर माझ्या संघातली नऊ मुले गाडीपर्यंत उड्या मारत गेली, तोही आनंद खरा होता. आणि ज्या मैदानाच्या आवाजावर मी वाढले तिथे कच्च्या पोराला कुणी निम्मा सामना दिला असता, तर पेठेने त्या कोचला घरापर्यंत पोचू दिले नसते. दोन्ही मैदाने माझ्या अंगात आहेत. शनिवारी शिट्टी वाजली की त्यातले कुठले वर येईल, हे मला आधी सांगता येत नाही.

बुधवारी सराव होता. तो मुलगा आला नाही. त्याच्या आईचा निरोप आला, की त्याचे पोट दुखते आहे आणि शनिवारचे नंतर कळवते. नऊ वर्षांच्या मुलाचे पोट खरोखरच दुखू शकते. मी तो निरोप दिवसातून चार वेळा काढून वाचते आहे. शनिवारसंबंधी काय उत्तर लिहावे ते सुचत नाही, म्हणून नुसते "काळजी घ्या" असे लिहिले. चिरंजीवांनी विचारले, "तू सॉरी म्हणालीस का?" मी म्हटले, "आधी त्याला बरं वाटू दे." ते काही बोलले नाहीत, पण ताटातला लाडू त्यांनी मोडून अर्धा परत डब्यात ठेवला. त्याचा अर्थ काय घ्यायचा, हे मला अजून समजलेले नाही.

येत्या शनिवारचा तक्ता माझ्या पर्समध्ये आहे. चिरंजीवांच्या नावापुढे दोन खुणा केल्या आहेत. त्या मुलाच्या नावापुढचे चारही चौकोन मी आखून ठेवले आहेत, पेन्सिलीने. सामना नऊचा आहे. जाळ्या सातला लावायच्या असतात, आणि गोलचे खांब उलटू नयेत म्हणून त्यांच्या पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवाव्या लागतात, त्या एकट्याने उचलत नाहीत. दोन माणसे कमी आहेत. फराळ झाला की मी दाराशी वही घेऊन उभी राहते.