डब्यावरची अक्षरं : मॉडेल रेल्वेसाठी देवनागरी डिकल

(हौशी मॉडेलकारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, एचओ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या सत्याऐंशीव्या हिश्शात, भारतीय गाड्या करणारा माणूस एक तडजोड पहिल्याच दिवशी गिळतो. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा. १:८७ च्या हिशोबाने दोन रुळांत १९.२६ मिलिमीटर अंतर हवं. आपण गाड्या चालवतो १६.५ वर, कारण बाजारात तेच रूळ मिळतात. पावणेतीन मिलिमीटरचा हा घोटाळा पाहुण्यांच्या लक्षातही येत नाही. पण एसी चेअर कारवर स्लीपरचा नंबर टाका, किंवा ‘डेक्कन क्वीन’मधला ‘क्वी’ फुटू द्या, आलेला पहिला रेल्वेवेडा नेमकं तिथेच बोट ठेवतो.

परदेशी गाड्यांसाठी डिकलचे, म्हणजे पाण्यात भिजवून डब्यावर सरकवायच्या, पातळ फिल्मवर छापलेल्या अक्षरांचे, तयार ताव विकत मिळतात. आपल्या ‘मरे’, ‘परे’, ‘दमरे’साठी (मध्य, पश्चिम, दक्षिण मध्य रेल्वे) बहुतेक वेळा आपणच बसावं लागतं. ते काही वाईट नाही, कारण त्या निमित्ताने डबा वाचायला शिकावं लागतं. माझा आग्रह असा, की प्रिंटरला हात लावण्याआधी वाचायला शिका.

पाच आकडी डब्याचा नंबर घ्या, समजा ९८३३७. पहिले दोन आकडे बांधणीचं साल, १९९८. पुढचे तीन डब्याचा वर्ग सांगतात. २०१ ते ४०० म्हणजे स्लीपर, १५१ ते २०० म्हणजे एसी चेअर कार, ४०१ ते ६०० जनरल. तेव्हा ३३७ हा स्लीपर झाला. शेजारी रेल्वेचं नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये, आणि डब्ल्यूजीएससीएनसारखं प्रकाराचं संक्षिप्त नाव. हे तिन्ही एकमेकांशी जुळलं पाहिजे.

मालगाडीच्या वाघिणींचं काम याहून मजेदार आहे. तिथे अकरा आकडे असतात. पहिले दोन वाघिणीचा प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे, मग बांधणीचं साल, मग चार आकडी क्रमांक, आणि शेवटचा आकडा ताळ्याचा. समजा १० ०१ ०८ ०४३७ असे दहा आकडे आहेत. १० ते २९ या उघड्या वाघिणी, ०१ म्हणजे मध्य रेल्वे, साल २००८. आता सम स्थानांवरचे आकडे मिळवा: शून्य, एक, आठ, चार, सात. झाले वीस. तिप्पट केले की साठ. विषम स्थानांवरचे आकडे मिळून चार. एकूण चौसष्ट. पुढच्या पूर्ण दशकाला, म्हणजे सत्तरला, सहा कमी पडतात. अकरावा आकडा ६. चाळीस वाघिणींची गाडी करणाऱ्याने हे सूत्र स्प्रेडशीटमध्ये एकदा घालून ठेवावं. ताळ्याचा आकडा चुकला म्हणून कुणी तुमची गाडी थांबवणार नाही हे मान्य, पण खऱ्यासारखं करायचंच म्हटलं तर हे फुकटात होतं.

आता मापं. अक्षरांची उंची कुठून आणायची? फोटोतून. आयसीएफ, म्हणजे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या, डब्याची लांबी २१,३३७ मिलिमीटर, आपल्या स्केलमध्ये सुमारे २४५. अगदी समोरून, लांबून झूम करून काढलेला फोटो घ्या, संगणकावर डबा २४५ मिलिमीटरचा करा, आणि त्यावर अक्षरं गिरवा. तिरक्या फोटोच्या वाटेला जाऊ नका.

खऱ्या डब्यावरचं दहा सेंटिमीटरचं अक्षर आपल्याकडे १.१५ मिलिमीटर होतं. ६०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ६०० ठिपके छापणाऱ्या, प्रिंटरला एवढ्या उंचीत सत्तावीस ठिपके मिळतात. रोमन कॅपिटल अक्षर हे सगळे ठिपके स्वतःसाठी वापरतं. देवनागरीत त्याच उंचीत शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी किंवा मात्रा, खाली उकार, एवढ्यांची सोय लावायची असते. मधल्या अक्षराच्या वाट्याला निम्मेच ठिपके उरतात. म्हणून ‘मरे’ सहज निघतं आणि ‘कुर्ला’ रडवतं. उपाय दोन. एक, १२०० डीपीआयवर छापणारं मशीन शोधा. दोन, एकाच जाडीच्या रेघांचा फॉन्ट घ्या. ‘मुक्ता’सारखा मोफत फॉन्ट पायाला बरा आहे. बारीक-जाड रेघांचे पुस्तकी टाइप या मापाला निम्मे गायब होतात. तसाही डब्यावरचा मजकूर पेंटरने स्टेन्सिलने किंवा हाताने काढलेला असतो, त्यामुळे फॉन्ट नुसता टाकून मोकळं होऊ नका. फोटोवर ठेवून उकार, वेलांटीची वळणं थोडी हलवा.

फाईल तयार झाली की पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातला कोणताही डीटीपीवाला जे सांगतो तेच मी सांगतो: कर्व्ह करून आणा. त्याच्या मशीनवर तुमचा फॉन्ट नसला की ‘क्वीन’मधला पाय मोडका क सुटा पडतो, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते. कर्व्ह केलं की अक्षर हे नुसतं चित्र होतं, मग कुठेही उघडा. आणि छापण्याआधी आकार शंभर टक्क्यांवर आहे ना, ते बघा. ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला तर सगळं माप बिघडतं.

आता खरी डोकेदुखी, पांढरा रंग. साधा प्रिंटर पांढरं छापतच नाही, तो कागदाचा पांढरा गृहीत धरतो. पिवळा छापतो, पण पारदर्शक. पारदर्शक डिकल कागदावर पिवळी अक्षरं काढून निळ्या डब्यावर लावलीत तर हिरवट सावली दिसेल. पूर्वी आल्प्स कंपनीचे प्रिंटर पांढरी शाई छापायचे, जगभरचे मॉडेलवाले त्यांना जपायचे. ते आता बनत नाहीत. पांढऱ्या टोनरची मशीनं आहेत, पण घरी घेण्याजोगी स्वस्त नाहीत.

पांढऱ्या डिकल कागदावर भोवती डब्याचा निळा छापायचा आणि अक्षरं कोरी सोडायची, ही युक्ती सगळे सुचवतात. मला ती फारशी पसंत नाही. छापलेला निळा आणि फवारलेला निळा दिव्याखाली कधी जुळत नाहीत, आणि कडेला पांढरी किनार दिसते ती वेगळीच.

मोठ्या अक्षरांसाठी रेडियमवाल्याकडे जा. गाड्यांच्या नंबरप्लेटची अक्षरं कापणारं त्याचं प्लॉटर आपल्याला मास्क कापून देतं. आधी क्रीम रंग फवारा, वाळू द्या, कापलेली अक्षरं चिकटवा, वरून निळा मारा, आणि रंग पुरता कडक व्हायच्या आत अक्षरं सोलून काढा. कडा धारदार येतात. इंजिनावरच्या पट्ट्यांना हा मार्ग उत्तम. तीन-चार मिलिमीटरच्या खाली मात्र व्हिनाइल निघताना अक्षराचा आतला गोल सोबत घेऊन जातं.

बारीक पांढऱ्यासाठी माझं मत स्क्रीन प्रिंटिंगला. लग्नपत्रिका छापणारा चांगला कारागीर गाठा, बारीक जाळीची स्क्रीन करायला सांगा आणि डिकल कागदावर अपारदर्शक पांढरा ओढून घ्या. एकट्याला महाग पडतं. चार-पाच जणांनी मिळून एकाच तावावर प्रत्येकाचे नंबर बसवले तर परवडतं. हल्ली यूव्ही डीटीएफ, म्हणजे फिल्मवर छापून वस्तूवर चिकटवायचे, स्टिकर मिळतात, तेही पांढरे असतात, पण त्यांची जाडी १:८७ ला डोळ्यांत भरते.

स्टेशनच्या पाट्यांना यातलं काहीच लागत नाही. पिवळ्यावर काळं, सरळ जाड कागदावर छापा आणि चिकटवा. ठाण्याच्या पाटीवर मराठीत आणि हिंदीत दोनदा ‘ठाणे’ आहे, ते एकदाच लिहून जागा वाचवू नका.

लावण्याची कृती. इंकजेटवर छापलं असेल तर आधी पारदर्शक ॲक्रिलिक स्प्रेचे दोन-तीन पातळ हात द्या, नाहीतर पाण्यात शाई पसरते. लेझरसाठी लेझरचाच कागद घ्या. इंकजेटचा कागद लेझरमध्ये घातला तर फिल्म वितळून ड्रमला चिकटू शकते, आणि दुकानदार पुन्हा दारात उभं करत नाही.

डब्याला ग्लॉस वार्निश हवंच. मॅट रंग सूक्ष्मपणे खडबडीत असतो. त्या खळग्यांत फिल्मखाली हवा अडकते आणि अक्षराभोवती चंदेरी चौकट दिसते. पुढे कितीही मॅट मारा, ती जात नाही. डिकल अक्षराच्या अगदी जवळून कापा, कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवा आणि ओल्या टिश्यूवर ठेवून थांबा. कागदावरून आपोआप सरकू लागलं की समजा झालं. पाण्यात तरंगू दिलंत तर डिंक धुऊन जातो. जागेवर मायक्रो सेटचा, म्हणजे डिकल बसवायच्या द्रावाचा, थेंब, त्यावर डिकल सरकवा, ओल्या ब्रशने पाणी बाहेर ढकला. रिव्हेटवर किंवा जाळीवर बसवायचं असेल तर वरून मायक्रो सोल, म्हणजे फिल्म मऊ करणारा द्राव. ते लावल्यावर फिल्म सुरकुतते आणि नवखा माणूस घाबरून बोट लावतो. लावू नका. वाळताना ती स्वतःच ताणून बसते. बुडबुडा राहिलाच तर सुईने टोचून पुन्हा सोल. मायक्रो सेट मिळालं नाही तर पातळ केलेलं पांढरं व्हिनेगर चालतं, मात्र आधी भंगार डब्यावर बघून घ्या. दुसऱ्या दिवशी मॅट वार्निशचा हलका हात.

शेवटी एक बारीक मजकूर, जो बहुतेक जण गाळतात. डब्याच्या टोकाला पीओएचची, म्हणजे ठरावीक काळाने होणाऱ्या पूर्ण दुरुस्तीची, तारीख, वर्कशॉपचं नाव आणि पुन्हा परत यायची तारीख असते. दोन तारखांत साधारण दीड वर्षाचं अंतर असतं. एचओमध्ये हे वाचता येत नाही, भिंगातून मात्र दिसतं. आणि ते छापलंत की डब्याचा मळ ठरतो. तुमच्या मांडणीतला दिवस कोणता, ते धरा. गेल्या महिन्यात माटुंगा वर्कशॉपमधून बाहेर पडलेल्या डब्याच्या छपरावर काजळी कशाला? आणि परत जायला आलेला डबा चकचकीत कसा? एकाच गाडीत दोन्ही असू शकतात. रेकमधले सगळे डबे एकसारखे मळवण्यापेक्षा कोणता नुकता आलाय आणि कोणता जायला आलाय ते आधी ठरवा, वेदरिंगची पावडर त्यानंतर उघडा.