पाच आणि दोनची तिप्पट

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत दारं दिवसभर उघडी असतात, त्यामुळे गणिताची शिक्षिका म्हणून माझी निवृत्ती फक्त कागदोपत्री आहे. परवा शेजारचा सहावीतला मुलगा वही घेऊन आला. गणित होतं, ‘३ने ४५ला भागा.’ पठ्ठ्याने लिहिलं होतं, ३ भागिले ४५. वर तक्रार, “आजी, भागच जात नाही!”

मी म्हटलं, “मांजराने उंदराला पकडलं. आता ऐक, उंदराला मांजराने पकडलं. कोण सापडलं?”

“उंदीरच की.”

मराठीत शब्द इकडचे तिकडे केले तरी अर्थ हलत नाही, कारण विभक्तीचा प्रत्यय शब्दाला चिकटून त्याच्यासोबत फिरतो. गणिताच्या चिन्हांकडे प्रत्यय नाहीत. तिथे जागा बोलते. भागिलेच्या डावीकडे बसतो तो ‘ला’वाला, उजवीकडे ‘ने’वाला. मुलाला भागाकार येत होता. नडली ती तृतीया. ‘८तून ५ वजा करा’ इथे पंचमी, ‘२०चा पाव’ म्हटलं की षष्ठी, आणि तिच्या पोटात गुणाकार.

ही षष्ठी आपण सगळ्यांनी घोकली आहे. ‘कंचेभागुबेव’ आठवतं? कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. त्यातला ‘चे’ म्हणजे हाच प्रत्यय. (भागाकार आणि गुणाकाराचा मान खरं तर सारखा, डावीकडून जो आधी भेटेल तो आधी, पण ते या शब्दात मावत नाही.) इतकी वर्षं फळ्यावर हे लिहिलं, आणि शेजारच्या वर्गातल्या मराठीच्या बाईंना कधी विचारलं नाही, याची आता चुटपुट लागते.

बरोबरचं चिन्ह हे क्रियापद. वेल्समधल्या रॉबर्ट रेकॉर्ड यांना ‘बरोबर आहे’ हे शब्द पुन्हापुन्हा लिहायचा कंटाळा आला, म्हणून १५५७ साली त्यांनी दोन समांतर रेघा छापल्या. मुलं मात्र त्या रेघा ‘मग’ अशा वाचतात. ३ + ४ = ७ + २ = ९, असं एका दमात लिहून मोकळी. वाक्य म्हणून वाचा, तर तीन आणि चार नऊ झाले!

आता माझ्याकडे फळा नाही, आवाज आहे, तर त्याचाच उपयोग करते. ऐका. पाच... आणि दोनची तिप्पट. उत्तर अकरा. आता पुन्हा. पाच आणि दोन... यांची तिप्पट. उत्तर एकवीस. श्वास कुठे घेतला, त्यावर दहाचा फरक पडला. श्वास कागदावर उतरत नाही, म्हणून तिथे कंस लागतो. बोलताना ते काम ‘यांची’ हे सर्वनाम करतं.

संध्याकाळी त्याला घेऊन जांभळी नाक्यावर गेले. “दहाची कोथिंबीर-मिरची दे,” मी म्हटलं. जुडीवरचा हात तसाच ठेवून भाजीवाल्याने विचारलं, “दोन्ही मिळून दहाची, की दहा-दहाची?”

मुलगा पिशवीआडून हळूच म्हणाला, “आजी, कंस राहिला.”

मी वीस रुपये दिले.