दुखरा जबडा आणि उष्णतेचा कॅमेरा

नमस्कार श्रोतेहो.

कानासमोर बोट ठेवा आणि तोंड उघडा-मिटा. बोटाखाली जे सरकतं, तो जबड्याचा सांधा. जांभई देताना तिथे कट्‌कन वाजतं, सकाळी गाल आखडलेले असतात, आणि माणूस आधी कानाच्या डॉक्टरकडे जातो. कानात काही सापडत नाही. मग आम्हा दातवाल्यांकडे येतो, तोही 'दाढ काढून टाका' म्हणत!

अशा दुखण्यासाठी थर्मल कॅमेराही वापरून पाहिला जातो. कोरोनात मॉलच्या दारात कपाळावर रोखलेलं यंत्र आठवतं? तत्त्व तेच. त्वचेतून सतत अवरक्त, म्हणजे उष्णतेचे न दिसणारे किरण बाहेर पडतात, कॅमेरा ते टिपून चेहऱ्याचा रंगीत नकाशा काढतो. एक्स-रेसारखं शरीरात काही सोडत नाही, त्यामुळे गरोदर बाईलाही धोका नाही.

नकाशात पाहायचं डावं-उजवं. निरोगी चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंत फार तर अंशाच्या काही दशांशाचा फरक असतो. सांध्याला सूज असेल तर तिथलं रक्त वाढतं आणि ती बाजू उबदार दिसते. स्नायूंचं मात्र इतकं सरळ नाही. रात्रभर दात खाणाऱ्याचा गाल गरम दिसेलच असं नाही. आणि दोन्ही बाजू दुखत असतील तर तुलना कशाशी करणार? शिवाय दिसते ती कातडीची ऊब. सांध्यातली चकती सरकली आहे का, ते एमआरआयच दाखवतो. म्हणून मी आधी बोटांनी चाचपतो. कॅमेरा फार तर जोडीला. नुसत्या रंगीत फोटोवर कुणी दातांवर बसवायची महागडी प्लेट गळ्यात मारत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरला जरूर विचारा.

एक वेगळी गोष्ट. तोंडात उभी तीन बोटं मावत नसतील आणि सुपारी-गुटख्याची सवय असेल, तर सांध्याआधी तोंडाच्या आतलं अस्तर तपासून घ्या. ते दुखणं निराळं, आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो.

आता मुंबईची अडचण. विरार लोकलच्या दारात उभं राहून आलात, एका गालाला वारा, दुसऱ्याला घाम, तर कॅमेरा लोकलचंच चित्र काढेल. म्हणून आधी पंधरा-वीस मिनिटं गार खोलीत शांत बसवतात, पंखा तोंडावर नको. त्या दिवशी मेकअप नको, सिगारेट नको, गाल चोळणं नको. आणि स्टेशनबाहेरची कटिंग तपासणी झाल्यावर.

नमस्कार.