गुडघ्याची रांग

काकूंच्या किचनमध्ये फ्रिजवर मॅग्नेटखाली चार पत्रं आहेत, चारही हॉस्पिटलची. पहिल्यात गुडघ्याचा सांधा बदलायच्या ऑपरेशनची तारीख, दुसऱ्यात ती कॅन्सल झाल्याचं, तिसऱ्यात नवी तारीख, आणि चौथ्यात काय असेल ते तुम्हाला कळलंच असेल. काकू मूळच्या सांगलीच्या, पस्तीस वर्षं झाली इंग्लंडला येऊन. उजवा गुडघा असा झालाय की जिना त्या उलट्या उतरतात, कठडा धरून, लहान मूल उतरतं ना तसं.

इथली सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, ऑपरेशनला एक पैसा घेत नाही. घेते तो वेळ. नियम असा की 100 पैकी 92 जणांना तरी 18 आठवड्यांच्या आत उपचार मिळावेत, पण 2016 नंतर हे काही जमलेलं नाही, आणि त्यात कोविड आला, मग काय, 2023 च्या सप्टेंबरात सगळ्या आजारांची मिळून रांग 77 लाखांच्या वर गेली. त्यातली सगळ्यात लांब हाडांच्या डिपार्टमेंटची.

आपल्याला वाटतं सर्जन कमी असतील. असतीलही. पण काकूंची तारीख गेली त्या दिवशी सर्जन हजर होते, थिएटर मोकळं होतं, काकू पहाटेपासून उपाशी, गाऊन घालून बसलेल्या. नव्हती ती खाट! रात्री कॅज्युअल्टीत न्यूमोनियाची म्हातारी माणसं आली, कुठे ठेवणार, ठेवली हाडांच्या वॉर्डात. आणि नव्या सांध्याशेजारी इन्फेक्शनचा पेशंट चालत नाही, कारण त्या धातूवर जंतू एकदा बसले की निघता निघत नाहीत, कधीकधी बसवलेला सांधा परत काढावा लागतो. जानेवारी 2018 मध्ये तर तातडीची नसलेली ऑपरेशनं महिनाअखेरपर्यंत पुढे ढकला असं इंग्लंडभरच्या हॉस्पिटलांना वरूनच सांगितलं होतं.

गंमत म्हणजे यावरचा उपाय जुनाच आहे. लँकशरमधलं रायटिंग्टन हॉस्पिटल, पूर्वी टीबीचं. औषधं आली, टीबीचे पेशंट घटले, खाटा रिकाम्या झाल्या, आणि तिथे जॉन चार्नली नावाच्या सर्जनने खुब्याचं सेंटर थाटलं. धातूचा गोळा आणि चिवट प्लास्टिकची वाटी असा खुबा त्यांनी 1962 च्या नोव्हेंबरात बसवला, आजचे खुबे त्याचेच वंशज. इन्फेक्शनची इतकी धास्ती की ऑपरेशन टेबलाभोवती स्वच्छ हवेची बंद खोलीच उभी केली, लोक तिला ग्रीनहाउस म्हणायचे. आणि रायटिंग्टनला आजही कॅज्युअल्टी नाही, म्हणजे रात्रीतून कुणी येऊन खाट पळवत नाही.

2004 मध्ये लंडनजवळ एप्समला हेच केलं. आजूबाजूच्या हॉस्पिटलांनी मिळून फक्त ठरवून करायच्या हाडांच्या ऑपरेशनांसाठी वेगळं सेंटर काढलं, थिएटर वेगळी, वॉर्ड वेगळे. पुढे टिम ब्रिग्ज या हाडांच्या सर्जननी हा मुद्दा देशभर लावून धरला, आता अशा जागांना सर्जिकल हब म्हणतात.

हबमधली सकाळ बघण्यासारखी असते. एकाला टाके पडतायत तोवर शेजारच्या खोलीत दुसऱ्याला पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखाली बधिर केलेलं. सांध्यांचे मोजकेच प्रकार वापरायचे, म्हणजे अवजारांचे ट्रे कमी उघडायचे, कमी धुवायचे, आणि नर्सला पुढचं अवजार कुठलं ते डोळे मिटून माहीत. टार्गेट काय, तर एका थिएटरात दिवसाला चार सांधे.

पण हबला पेशंट त्यातल्या त्यात धडधाकट लागतो. हार्ट, किडनीची दुखणी असलेले मोठ्या हॉस्पिटलातच थांबतात, खाटेची वाट बघत. शिवाय यादी कमी दाखवायच्या दुसऱ्याही युक्त्या असतात, 2016 मध्ये यॉर्कच्या भागात जास्त वजनाच्या लोकांना आधी वजन उतरवा, नाहीतर वर्षभर थांबा असं सांगायचं ठरलं होतं. ज्याला धड चालता येत नाही त्याने वजन उतरवायचं कसं, हे मला तरी कोडंच आहे.

काकूंना शेवटी हब मिळालं, तासाभराच्या अंतरावर, धड बस नाही, मुलाने रजा काढली. सकाळी ऑपरेशन, दुपारी चारला फिजिओने वॉकर हातात देऊन उभं केलं, काकूंनी तिला मराठीत दोन शब्द सुनावले आणि चार पावलं चालल्या. दुसऱ्या दिवशी घरी.

आता त्या जिना सरळ उतरतात, सावकाश. फ्रिजवरची जुनी पत्रं काढलीत. एक नवं लावलंय, डाव्या गुडघ्याचं.